रायलीच्या बैठकीतला पिवळा डिंक

मित्रांनो, मी लांब दांड्याची एक जुनी खरवडणी आहे, आणि खरं सांगते, आता फार थकले आहे. फिनलंडमधल्या एका लोहाराने मोडक्या ट्रकच्या पाट्यातून मला घडवलं. फरशी बसवणारा तैस्तो मला घेऊन उभा जन्म हिंडला. काँक्रीटवरचा जुना डिंक खरवडायचा, एवढंच माझं काम. लोक नव्या फरशीचं कौतुक करत. माझं नाव कोण घेणार? तैस्तो निवृत्त झाला आणि मी खोपीत गंजत पडले.

मागच्या हिवाळ्यात त्याची बायको रायली बैठकीतल्या गालिच्यात पाय अडकून पडली. खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी नगरपालिकेची नर्स घर बघायला येणार होती. चाकांचा वॉकर सुरळीत चालला तर रायली घरी येणार, नाहीतर वृद्धाश्रमात जाणार. तैस्तोने गालिचा उपटला. जुन्या काळ्या डिंकात विषारी ॲस्बेस्टॉस असू शकतं; खालचा डिंक तसा असता, तर तपासून घेतल्याशिवाय त्याने हातही लावला नसता. हा पिवळा होता, पण चिवट; वॉकरची चाकं त्यात अडकली असती.

शनिवारी शेजारीपाजारी कामाला आले. अशा कामाला आमच्याकडे मजुरी नसते, कॉफी असते. आलेली माणसं गारठू नयेत म्हणून तैस्तोने पहाटेच जमिनीखालचं विजेचं हीटिंग वाढवून ठेवलं होतं. झालं, डिंक चिक्कीच्या पाकासारखा ताणला जाऊ लागला. माझं पातं पार लडबडून गेलं.

"तैस्तो, हे घर आहे की सॉना?" शेजारीण हिल्क्का म्हणाली. "बंद कर ते, अन् खिडक्या उघड."

"अगं, बाहेर उणे वीस आहे. लोकांना कुडकुडत बसवू? काय म्हणतील?"

"लोक म्हणजे आम्हीच ना? तुला अब्रू हवी की बायको?"

तैस्तोने हीटिंग बंद केलं. त्याने खिडक्या उघडल्या. सगळ्यांनी टोप्या-हातमोजे घालून कॉफी प्यायली. दुपार कलली तसा डिंक कडक झाला आणि टकाटक उडू लागला. माझ्या पात्याला खाच पडली, अंग अंग दुखलं. तरी तैस्तोने मला दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

सोमवारी नर्सने वॉकर दारापासून खिडकीपर्यंत ढकलला. कुठेच अडला नाही. "आणा त्यांना घरी," ती म्हणाली. तैस्तो भिंतीकडे तोंड करून रडला.

मित्रांनो, मी परत खोपीत आहे. पातं पुसायचं राहूनच गेलं. माझं जाऊ द्या. पण तुमच्या घरातल्या थकल्या माणसाच्या पायाखाली काय आहे, ते एकदा वाकून बघा. पडल्यावर उचलायला सगळेच धावतात.