पिंडीवरचं पाणी

फाटकवाला हिरवी झेंडी फेकून लाल घेऊन पळत सुटला, कारण तातेरावांचा ट्रक रुळांच्या मधोमध जाऊन गपकन बंद पडला होता. आचका नाही, धूर नाही, खोकला नाही. चालता चालता मेला, बस्स! आणि मागे कोण? कोंडीबा धनगराच्या मेंढ्या, वरच्या फळीवर त्याची बायको, सून, आणि सुनेच्या मांडीवर तान्हं लेकरू.

"ढकला! आरं ढकला!" कोंडीबा खाली उडी मारून ओरडला. "तातेराव, गिअर काढा ना बाप्पा!"

तातेरावांना गिअरच सापडेना. उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेला माणूस, पण त्या घटकेला हात कुठला नि पाय कुठला ते कळेना. चहाच्या टपरीवरची माणसं धावली, "हां... जोर!" करत ट्रक रुळांवरून उतरवला. आणि पाठीमागून गाडी अशी काही धडधडत गेली म्हणता, केबिनमधली पितळी पिंडसुद्धा थरथरली!

आणि गंमत बघा. तातेरावांनी चावी फिरवली तर ट्रक चालू! जणू काही झालंच नाही.

कनेरगाव नाक्याला मेंढ्या उतरवताना कोंडीबाने विचारलं, "सोमवारी न्यायला येता न्हवं?"

"येतो की."

येतो म्हणाले खरं. पण सुनेनं लेकराला छातीशी धरून ट्रककडे जे पाहिलं, ते काही डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्याचा ट्रक बघ, असं ओठावर आलं होतं. पण तसं म्हटलं की संपलंच. उद्या हिंगोलीत तातेरावांच्या ट्रकमागे लेकरू घेऊन कोण बसणार?

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, आणि नर्मदाबाई मटकन खालीच बसली. तिचं असं होतं, की तातेरावांचा आधीचा ट्रक कळमनुरीच्या वळणावर उलटला होता आणि हे पायाचं हाड मोडून घेऊन वाचले होते. तेव्हा तिनं औंढ्याच्या नागनाथाहून ही पिंड आणली. पुण्याकडचा हा जुना ट्रक घेतला, त्याच दिवशी डाव्या बाजूला काचेखाली बसवली. तेव्हापासून ट्रक निघायच्या आधी ती केबिनमध्ये चढणार, पिंडीवर बेलाचं पान ठेवणार, फुलपात्रभर पाणी घालणार. तिनं खाली पाय ठेवल्याशिवाय चावी फिरवायची नाही, हा घरचा कायदा.

"नजर लागली," ती म्हणाली. "माह्यं पानी कमी पडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी तिनं फुलपात्र बाजूला ठेवलं आणि तांब्या घेतला.

आणि त्या दिवशी ट्रक बाजारात हळदीची पोती घेऊन उभ्या उभ्या बंद पडला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दोन तांबे घातले, तर वारंगा फाट्याच्या रस्त्यावर समोरून बस येत असताना बंद! स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. तातेरावांनी दोन्ही हातांनी ओढून ट्रक कसाबसा खाली घेतला. सदरा असा भिजला, की पिळला असता तर एखादं रोप जगलं असतं.

वारंगा फाट्याला मसाजी मिस्त्रीचं गॅरेज. जुन्या दोस्तीतला माणूस. त्यानं डिझेल फिल्टर बदलला, बॅटरीच्या तारा घासल्या, खाली झोपून वर पाहिलं, वर चढून खाली पाहिलं, आणि मग बिडी पेटवून बसला.

"तातेराव, जुनं इंजिन असतं तर कान लावून सांगितलं असतं. ह्याला कंप्युटर हाय. हे माह्याशी बोलत न्हाई."

"मंग कोनाशी बोलतं?"

"नांदेडच्या एका पोट्ट्याशी बोलतं. बलावतो त्याला."

तो पोट्टा म्हणजे प्रभू. मोटारसायकलवर लॅपटॉप घेऊन आला, वायर जोडली आणि पडद्याकडे बघत बसला. तातेराव त्याच्या तोंडाकडे असे बघत होते, जसं डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात.

"मामा, पाच सेन्सर एकदम गेल्याचं दाखवून राहिलं."

"पाच!" तातेराव ओरडले.

"घाबरू नका ना. एका गावात पाच माणसं एकाच दिवशी आजारी पडली, तं आपण काय म्हणतो? पंगतीत काहीतरी खाल्लं. पाची जणांचं जेवण एकाच डब्यातून येतं. डबाच बिघडला असंल."

त्यानं इंजिन चालू करायला लावलं. डाव्या बाजूला काचेखालचं झाकण काढलं. आत काळा डबा, जाडजूड तारांचा झुबका लागलेला. प्रभूनं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्या डब्यावर हळूच टक् केलं.

इंजिन बंद.

पुन्हा चालू केलं. टक्. पुन्हा बंद. मसाजीच्या तोंडातली बिडी खाली पडली.

तारांचा झुबका ओढून काढला तर आतले पितळी दात हिरवे झालेले, पाणी टिपकतंय. डबा उघडला, तर आतही हिरवा थर. आणि त्या थरात चिकटलेलं, कुजून काळं झालेलं, पण तीन दलं साफ ओळखू येणारं बेलाचं पान.

मसाजीनं पान पाहिलं. मग वर पिंड पाहिली.

"कोन ओततं रं इथं पानी?"

तातेरावांच्या डोळ्यांपुढे तो तांब्या आला. दोन तांबे आले. ती फाटकातली सून आली. पण तोंडातून निघालं, "काच गळून राहिली वरून."

"उन्हाळ्यात?" मसाजी म्हणाला.

तातेरावांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. मसाजीनं पडलेली बिडी उचलली आणि विषय सोडला. दोस्त होता शेवटी.

नांदेडहून भंगारातल्या तसल्याच ट्रकचा डबा आणला. पण नुसता बसवून भागत नाही म्हणे. ह्या इंजिनात डिझेल सोडणाऱ्या एकेका इंजेक्टरवरचा नंबर वाचून त्या डब्याला पाठ करून द्यावा लागतो, नाहीतर इंजिन अडखळतं. मसाजी वाकून नंबर वाचत होता, प्रभू टिपत होता. मग टक् केलं, ठक् केलं, पार धप्पकन बुक्की मारली. इंजिन चालूच! तातेरावांना हसू यायला हवं होतं. पण ते जुना डबा गोणपाटात गुंडाळून सीटखाली सरकवत होते.

घरी नर्मदाबाई दारातच. "काय निघालं?"

"काच गळत होती. डबा भिजला. बदलला."

"बघा! फाटकात माह्या पान्यानंच वाचवलं तुमाले." केवढी खूश होती. तातेराव हातपाय धुवायला गेले ते बराच वेळ धूतच बसले. सांगावं, तर तिच्याच हातानं आपण रुळांवर गेलो असं सांगायचं. न सांगावं, तर सोमवारी कोंडीबाच्या सुनेचं लेकरू पुन्हा रुळांवर.

सोमवारी सकाळी ते ट्रकपाशी आले, तर केबिन झाडून स्वच्छ. सीटखाली हात घातला. गोणपाट नव्हतं. डबा नर्मदाबाईच्या जुन्या लुगड्याच्या धुवट तुकड्यात बांधलेला होता. सोडून पाहिला. डबा कोरडा पुसलेला, आणि बेलाचं पान नव्हतं.

तेवढ्यात ती तांब्या घेऊन आली. केबिनमध्ये चढली नाही. खालीच उभी राहिली. डोळे सुजलेले.

"हात फुडं करा."

"काहून?"

"काच गळून राहिली म्हनता ना? मंग वरून आनखी कशाले?" ती दुसरीकडेच बघत बोलली. "प्या. देव आतून राखंल."

तातेरावांनी ओंजळ पुढे केली. तिनं बारीक धार धरली. ते पीत राहिले, आणि तांब्या रिकामा होईपर्यंत दोघांपैकी कुणी थांब म्हणालं नाही.

कोंडीबाला आणायला निघालेले ते फाटकाशी पोहोचले तेव्हा गाडी नुकतीच गेली होती. दांडी वर झाली. तातेरावांनी गिअर टाकला. तळहात अजून ओले होते; स्टिअरिंग घसरू नये म्हणून त्यांनी ते घट्ट धरलं आणि ट्रक रुळांवर घातला.