अष्टमीचा दवाखाना

पंचांगाचं पान, प्रत्येक अष्टमीवर कुंकवाचं बोट.

स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया.

मिठागराची उघाडी, बांधातलं लाकडी दार. उधाणाला ती उचलायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं.

‘सोमवार. माणसं दोन.’

यातली शेवटची ओळ दवाखान्याच्या वहीतली, वेणूच्या अक्षरातली. १९५८ साली ती गव्हाणच्या दवाखान्यात नर्स होती. दर सोमवारी देवीची लस टोचायला बसायची आणि माशा मारायची. तीन महिन्यांत गर्दी वाढली नाही तर दवाखाना बंद, असं पनवेलच्या साहेबांनी कळवलं होतं. मग तापलेलं पोर खांद्यावर टाकून थेट पनवेल गाठायचं.

देशावरून आलेल्या वेणूला वाटलं, लोक सुईला भितात. ती दारोदार समजावत हिंडली. शेवटी गावची सुईण कृष्णाबाई हिने तिला ओट्यावर बसवून घेतलं.

“बाय, सोमवार तुमचे हापिसाचा. आमचा दिवस पानी ठरवतं. पुनवेला नि अवसेला उधान, तवा जाली टाकाची, मिठाला पानी घेवाचा. घरात मांजर पन नसतं. अष्टमीला भांगेची भरती. पानी मंद, मानसं घरी. तवा टोच किती टोचाचं ते.”

वेणू ओशाळली. दुसऱ्या दिवशी पंचांग घेऊन आली. अक्षरओळख नसलेली कृष्णाबाई बोटांवर मोजून वर्षभराच्या तिथी सांगत गेली, वेणू पडताळत गेली. म्हातारी एकदाही चुकली नाही. लस अष्टमीला टोचायची, असं दोघींनी ठरवून टाकलं.

साहेब तपासणीला आले ते नेमके सोमवारी, पौर्णिमेला. बाकडी रिकामी. वार बदलायचा अधिकार कुणी दिला, म्हणून त्यांनी वेणूला झाडलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, आठ दिवसांनी अष्टमी आहे, तेव्हा या. रांग दिसली नाही तर कुलूप मीच लावते.

साहेब आले. रांग उघाडीपर्यंत गेली होती. कृष्णाबाई एकेका पोराचा दंड धरून पुढे करत होती, रडेल त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबत होती. साहेबांनी रांगेतली डोकी मोजली. मग त्यांनी विचारलं, हुकमात वार कुठला घालू?

“वार नको घालू, सायेब. तिथी घाल. हापिसात कलत नसंल तर मला विचाराला मानूस धाड.”

साहेब हसले, आणि त्यांनी तिथी घातली.

१९४१ साली लस टोचणारा माणूस गव्हाणात आला तो पौषी अमावास्येला. उधाणामुळे घरचे सगळे खाडीवर होते, आणि लस टोचायची राहिलेली कृष्णाबाईची थोरली मुलगी मालू त्या उन्हाळ्यात देवी येऊन दगावली.