नट झाकणारा जॅमर

दमयंती सबनीस चिडली की कमी बोलायची आणि हातातलं काम जोरात करायची. त्या सकाळी ती सिरिंजचे खोके असे आदळत होती की कादिरने कॅरावॅनच्या दारात दोनदा खाकरून मगच आत पाऊल टाकलं.

"सिस्टर, स्टोअरवाल्यांनी लॉक दिलाय."

त्याने पुढे केलेला लाल दांडा तिने उलटसुलट करून पाहिला. मोटारीच्या स्टिअरिंगला लावायचा दांडा होता तो.

"कादिरभाई, आपल्या कॅरावॅनला स्टिअरिंग आहे?"

"नाय."

"मग हा काय माझ्या गळ्यात घालू?"

सांगलीची दमयंती सौदीतल्या अबकैकजवळच्या एका सरकारी इस्पितळात सहा वर्षं नर्स होती. दाभोळचा कादिर तिथलाच ड्रायव्हर. त्याच्या पिकअपला पांढरी कॅरावॅन जोडून दोघं गावोगाव मुलांना लस टोचत फिरायचे. पण नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि सगळा नूरच पालटला. लोक रियाधकडे, जेद्दाकडे निघाले. छप्पर आणि चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूला भाव आला. शेजारच्या कामगार कॅम्पमधून दोन कॅरावॅन रातोरात नाहीशा झाल्या, तेव्हा इस्पितळाचे प्रशासक अली यांनी आपली कॅरावॅन दमयंतीच्या नावावर लिहून दिली. ती सुखरूप परत केल्याशिवाय देश सोडायचा एक्झिट व्हिसा नाही. मार्चमध्ये सांगलीत ईशाची, तिच्या मुलीची, दहावीची परीक्षा होती आणि त्याआधी तिला घरी पोचायचं होतं.

तो लाल दांडा परत करून चाकाच्या लॉकसाठी तिने पहिला अर्ज दिला, दुसरा दिला. अलीसाहेबांचं उत्तर ठरलेलं, "बुकरा, इन्शाल्ला." असे एकवीस उद्या गेले आणि डिसेंबरच्या मध्यावर एकदाचा पिवळा जॅमर आला. कादिरने तो टायरला चिमट्यासारखा बसवला, चावी फिरवली आणि हात झटकले.

दमयंती वाकून बघतच राहिली. "नट उघडेच आहेत."

"असूदेत की. चाक कुठं फिरतंय?"

"चाक फिरवायचंच कशाला? हे काढून दुसरं लावलं की झालं. दुसरं मागे टांगलेलंच आहे."

कादिरने मागच्या स्टेपनीकडे पाहिलं. "एवढं कोण करतंय, सिस्टर?"

"मी करते. जॅक आणा."

नट घट्ट होते. तिने पान्यावर उभं राहून, अंगाचा सगळा भार टाकून एकेक सैल केला. बारा मिनिटांत चाक हातात आलं, जॅमरसकट. ते घरंगळेना, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी धरून उचललं आणि अलीसाहेबांच्या खोलीतल्या गालिच्यावर नेऊन ठेवलं.

"हे चाक, हे तुमचं लॉक," दमयंती इंग्रजीत म्हणाली. "आणि कॅरावॅन आता स्टेपनीवर कुठेही जाऊ शकते."

अलीसाहेब गालिच्यावर पडलेल्या काळ्या डागाकडे बघत राहिले. "बुकरा..."

"आज," ती म्हणाली. "मला स्वतःला दुकानात जायचंय."

परवानगीचा कागद घेऊनच ती बाहेर पडली.

दम्मामच्या दुकानात नवाच वैताग. दुकानदार तिच्याकडे बघेचना. टायर किती रुंद, भोकं किती, सगळं कादिरला विचारायचा. दमयंती उत्तर द्यायची, पण तेच उत्तर कादिरच्या तोंडून आल्यावरच त्याला ऐकू येत होतं. शेवटी तिने पिशवीतून एक्स-रेची जुनी फिल्म काढून काउंटरवर आपटली. चाकाच्या मापाने गोल कापलेली, नट आणि भोकं जिथल्या तिथे आखलेली. पहिल्या जॅमरचा दांडा आखूड निघाला. दुसऱ्याची तबकडी दोनच नट झाकत होती. तिसरा, सगळ्यात जड, फिल्मवर नेमका बसला. पाचही नट झाकले गेले.

बसवताना आणखी दीड तास गेला. जॅमरचा बोल्ट रिमच्या भोकातून आत, अॅक्सलजवळच्या पट्टीत शिरायचा. भोक पट्टीच्या बरोबर समोर यायला हवं. कादिर पिकअप बोटभर पुढे घ्यायचा, जमिनीवर आडवी पडलेली दमयंती खालून ओरडायची.

"पुढे... अजून... थांबा! गेलं पुढे. मागे घ्या."

"किती मागे?"

"केसभर!"

बोटांची सालं निघाली, युनिफॉर्म ग्रीसने माखला. शेवटी खट्ट आवाज झाला. तिने उठून जॅमरला एक लाथ घातली. तो हलला नाही.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. क्षेपणास्त्राचा सायरन वाजला की विषारी वायूसाठीचा मास्क लावून तळघरात पळायचं. पंचवीस तारखेच्या शुक्रवारी सगळं बंद होतं. शनिवारी सकाळी कादिर धावत आला. कॅरावॅनखाली कुणाचा तरी जॅक तसाच सोडलेला होता, जॅमरच्या तबकडीवर हातोड्याचे घाव होते. कॅरावॅन मात्र जागच्या जागी.

दुपारी नोटीस बोर्डावर शाबासकीचा कागद लागला. ड्रायव्हर कादिर यांच्या दक्षतेमुळे इस्पितळाची मालमत्ता वाचली. दमयंतीचं नाव कुठेच नव्हतं.

"मी सांगितलं त्यांना, बाई," कादिर खालमानेनं म्हणाला. "म्हणतात, सिस्टरचं काम सुया टोचायचं. फाडून टाकू काय?"

"राहू द्या. तुमच्या फाइलला लागेल तो." तिचा आवाज कोरडा होता. "गाडी जोडा. लस बर्फातून काढलीय."

त्या दिवशी ती एकाही आईशी एक शब्द बोलली नाही. नुसत्या सुया टोचल्या.

एक्झिट व्हिसा मिळाला एप्रिलच्या शेवटी. ईशाची परीक्षा तोवर संपून गेली होती. कॅरावॅन ताब्यात घ्यायला श्रीवर्धनची उझमा नावाची नवी नर्स आली. अलीसाहेबांनी जॅमरची चावी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, सोपं आहे, ड्रायव्हर लावील.

दमयंतीने तिला हाताला धरून बाहेर नेलं. "बाह्या वर कर आणि खाली पड. भोक कुठे येतं ते आधी बघ."