कुणीच न बोलणारं प्रकरण

"आत्या, संपादक म्हणतात, कादंबरीतलं हे प्रकरण काढून टाक. इतक्या पानांत कुणी तोंडच उघडत नाही, वाचणारा पेंगेल." कॉरिन कोट काढता काढता म्हणाली. "आज इथं वाचते. तुम्हा लोकांना भिडलं तर ठेवीन, नाहीतर कात्री."

"सभेत पेंगायला आमचा एलवुड आहेच," थर्झा म्हणाली. "त्याच्यावरून नको ठरवूस."

भाची हसली, पण तिचे हात गार पडले होते. इंडियानातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या याच सभागृहात ती लहानाची मोठी झाली. इथे ना पाद्री, ना भजनं. बाकांवर गप्प बसायचं, आतून हाक आलीच तर उठून चार शब्द बोलायचे. "तुमच्या गप्प बसण्याचा वीट आलाय मला!" म्हणून ती ऐन विशीत न्यूयॉर्कला निघून गेली. तिथे कादंबरी लिहायला बसली, तर नेमकी हीच शांतता कागदावर उतरली.

सगळे बाकांवर बसल्यावर तिने वाचलं. एक विधवा सभेत बसली आहे. शेजारी नवऱ्याची रिकामी जागा, बाहेर मक्यावर वारा. कुणी काही बोलत नाही. तरी उठते तेव्हा ती एकटी नसते.

वाचन संपलं. एकही टाळी वाजली नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही.

कॉरिनचा चेहरा उतरला. ती कागद गोळा करू लागली. टाळ्यांच्या गावात राहून पोर सगळं विसरली की काय! थर्झाचा जीव कासावीस झाला. 'अगं, थांब' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण अशी भरून आलेली शांतता मोडायची कशी? तिने शेजारची जागा हलकेच थोपटली. लहानपणी चुळबुळणाऱ्या कॉरिनला ती अशीच बसवायची.

कॉरिन थबकली. मग येऊन बसली.

बऱ्याच वेळाने एलवुड उठला. डोळे ओले होते, पण झोपेने नव्हे. "इथं बसण्यात माझं आयुष्य गेलं. माझी बायको मेथडिस्ट पंथातली, तिच्या चर्चमध्ये भजनं नि प्रवचनं. इथं काय होतं, ते तिला कधी सांगता आलं नाही. आता ही पानं वाचून दाखवीन."

पुन्हा शांतता. मग रीतीप्रमाणे थर्झाने शेजारचा हात हातात घेतला आणि सभा संपली. कॉरिनचा हात आता उबदार होता.

"पोरी," एलवुड जवळ येऊन म्हणाला, "तुझ्या विधवेची पाठ कशी दुखत नाही गं? आमच्या या बाकांवर?"

"खरंच की, काका!" कॉरिनने पेन काढलं. "संपादकांना कळवते, प्रकरण एका पानाने वाढतंय."