कवठ कुणाच्या पोटात गेलं

सरूबाईला मुलगा झाला असता तर बद्रीनाथचा फायदा सरळ होता. खुलताबादच्या घाटाखालची अकरा एकर जमीन आणि बारमाही विहीर घरात राहिली असती. नाहीतर ते सगळं धाकट्या भावाच्या, पुंजारामच्या, चार पोरांचं होणार होतं. पुंजाराम आताच बांधावर उभा राहून विहिरीत डोकावायचा. सरूबाईचा फायदा त्यापुढं लहान. तिला सवत आली नसती, एवढंच.

लग्नाला बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिनं मंतरलेले नारळ खाल्ले, अंगारा खाल्ला, दर्ग्यातलं फूल पाण्यात कालवून प्यायलं. कुणी काही पुढं केलं की ती न विचारता तोंड उघडायची.

पोलीस ॲक्शनला सहावं वर्ष लागलं होतं. त्या शिवरात्रीला वेरूळच्या जत्रेत एका गोसाव्यानं बद्रीनाथला कवठ दिलं आणि सव्वा रुपया घेतला. गूळ लावायचा नाही, बी थुंकायचं नाही, कुणाला वाटा द्यायचा नाही, अशा अटी. बद्रीनाथची आई आवडाबाई म्हणाली, "दिवाळीपस्तोर बघू. नाय तर कडूबाची भागू हायेच."

कडूबा म्हणजे भागूचा बाप, कन्नड गावचा. त्याला भारी घाई. "मुंबई इलाख्यात दुसरी बायको कवाच बंद केलीया," तो ओसरीवर बसून सांगायचा. "निजाम गेला, आता हितंबी कायदा येतोय म्हणं. त्येच्या आत उरका, पाव्हणं."

आत सरूबाई चहा गाळत होती. तिनं तो जरा सावकाश गाळला.

कवठ तिनं खाल्लं. यात शंका नको. आवडाबाई पाणी आणायला गेल्यावर चुलीपाशी बसून, बियांसकट, गुळाचा खडा न लावता. दोन दिवस दात आंबले होते. चैत्र गेला, वैशाख गेला, काही झालं नाही. आषाढात दोन वर्षं भाकड असलेली त्यांची कपिली गाय मात्र गाभण राहिली.

भाद्रपदात मारुतीच्या देवळात सप्ताह बसला. पैठणकडचे पुराणिकबुवा पहिल्याच दिवशी जुनी कथा सांगू लागले. निपुत्रिक ब्राह्मण. साधूनं दिलेलं फळ. बायकोला बाळंतपणाची धास्ती, म्हणून तिनं ते गुपचूप गायीला घातलं. आणि मग गायीच्या पोटी माणसाचा मुलगा आला, फक्त कान गायीचे.

पुरुषांच्या बाजूनं बद्रीनाथनं सरूबाईकडं मान वळवली ती आरतीपर्यंत सरळ केली नाही.

घरी आल्या आल्या त्यानं विचारलं, "आगं, त्वा कवठ खाल्लं व्हतंस ना?"

सरूबाई भाकरी थापत होती. व्हय म्हटलं तर फळ वाया, बाई वांझ, आणि दिवाळीला भागूची वरात. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"नाय."

"मंग?"

"कपिलीला घातलं."

"कामून?"

"आंबट व्हतं."

आवडाबाईनं कपाळ बडवून घेतलं. "आगं माय! बारा वर्सं आमचं खाल्लंस, आन् येक कवठ खाया जड झालं तुला?"

सकाळी मायलेकरं देवळात गेली. बुवांची पंचाईत झाली. कथा खोटी म्हणावी तर सहा दिवसांची दक्षिणा बाकी, खरी म्हणावी तर गाय गाभण. शेवटी म्हणाले, "साधूचं फळ वाया जात नसतं. गाय विऊ द्या. जे येईल ते तुमचंच लेकरू. त्याच्यावर आधीच सावत्र आई आणता का?"

बद्रीनाथला हे सगळं पटलं असं नाही. पण न पटून चुकलं तर? कडूबाला निरोप गेला: वैशाखापर्यंत थांबा. विहिरीकडं बघून कडूबा थांबला.

कपिलीला सरकी सुरू झाली, पावसात गोठ्यावर नवे पत्रे आले. आवडाबाई रोज तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि सुनेच्या हातचं पाणी बाजूला सारायची. विहिरीवर बाया म्हणायच्या, "आली बगा पुराणातली." एकदा सरूबाई आवडाबाईला खरं सांगायला उंबऱ्यापर्यंत गेली. मग तिनं वैशाखाला किती महिने राहिले ते बोटांवर मोजलं आणि शेण काढायला वळली.

वैशाखात गाय व्याली. काळी कालवड, कपाळावर पांढरा चट्टा. बद्रीनाथ तिचे कान चाचपत बसला. गुराखी भिकन बराच वेळ बघत होता.

"मालक, कान गायीचेच हायेत," तो म्हणाला. "बाकीचंबी समदं गायीचंच हाय."

त्याच महिन्यात शाळेच्या तात्यासाहेब मास्तरांनी पारावर पेपर वाचून दाखवला. कायदा आला. पहिली असताना दुसरी केली तर तुरुंग. आठवड्यात कडूबा येऊन गेला. चहासुद्धा घेतला नाही. "पोरीला जेलातल्या घरात देऊ का? वरीसभर बसवून ठिवली माझी लेक तुमच्या गायीपायी!"

आता जमाखर्च. भागूबाईचं नुकसान झालं म्हणावं तर पुढल्या वर्षी तिला रेल्वेतला गँगमन मिळाला; तरणा, बिजवर नाही, कायमच्या नोकरीतला. तिनं काही न घालता मिळवलं. गोसाव्याला सव्वा रुपया, बुवांना पूर्ण दक्षिणा. पुंजारामच्या पोरांना यथावकाश विहीर. कालवडीनं पुढं चार वेत दिले.

बद्रीनाथचा खर्च म्हणजे सरकी, पत्रे आणि एक मुलगा. मुलगा कधी नव्हताच, पण तो आपल्या ताटापर्यंत आला होता आणि बायकोनं गायीपुढं टाकला, असं तो मरेपर्यंत धरून चालला. वांझ बायकोशी तो बारा वर्षं बोलला होता. या बायकोशी बोलला नाही.

सरूबाईला सवत आली नाही. चूल तिची, उंबरा तिचा. पुंजारामच्या घरची बारशी झाली, डोहाळजेवणं झाली, गावभर बोलावणी फिरली आणि तिचं दार सोडून पुढं गेली. खाल्लेल्या कवठाबद्दल ती तीस वर्षं न खाल्ल्याची किंमत देत राहिली, आणि पावती मागायला तिला कुणी नव्हतं.