श्रावण अजून संपलेला नाही

सरोजताईंनी पुढे वाकून डॉक्टरांच्या कागदावर सरळ हातच ठेवला.

"फुली नका मारू. माझं उत्तर बरोबर आहे."

समोरची तरुण डॉक्टर गुरलीन गोंधळून त्यांच्या लेकाकडे, शिशिरकडे, बघू लागली. चंडीगडला त्याच्याकडे राहायला आल्यापासून सरोजताईंच्या स्मरणशक्तीची ही पहिलीच तपासणी, आणि तीही हिंदीतून.

"आंटीजी, मैंने देसी महीना पूछा था. आपने सावन बोला. वो तो राखी पे खतम हो गया. परसों जन्माष्टमी थी, अब भादों है."

"तुमच्याकडे असेल! आमच्याकडे अमावास्येपर्यंत श्रावणच. आमचा कृष्ण श्रावणातच जन्मतो. शिशिर, सांग की यांना, तोंड शिवलंय का तुझं?"

शिशिरने घाईघाईने हिंदीत समजावलं: महाराष्ट्रात महिना पौर्णिमेला नाही, अमावास्येला संपतो. गुरलीनने मोबाइलवर शोधलं, जीभ चावली आणि गुण दिला.

"सॉरी, आंटीजी."

शिशिरला हायसं वाटलं. आई मिरजेला असताना तिथल्या डॉक्टरांनी 'वय झालं' म्हणून टॉनिक देऊन वाटेला लावलं होतं, आणि इथे पंचांगातल्या फरकापायी आईला आजारी ठरवायला निघाले होते! तो उठलाच.

"बघ आई, काही झालेलं नाही तुला. चल घरी."

"बस खाली. माझं चुकलं नाही तिथे चूक लावू देणार नाही मी. पण म्हणून मी ठणठणीत आहे असं कोण म्हणालं?"

"अगं, पण..."

"परवा सुंठवडा करायला घेतला. सुंठ पुढ्यात, आणि तिच्यात काय काय घालायचं ते आठवेना. मला! लग्नापासून दरवर्षी करतेय. तुला आवाज जावा म्हणून रिकामा मिक्सर फिरवला. यंदा सुंठवड्याऐवजी इकडच्यासारखी पंजिरी केली म्हणाले ना मी, ती शेजारणीने दिलेली होती."

शिशिर खाली बसला. ती पंजिरी त्याने दुसऱ्यांदा मागून घेतली होती.

"हे सांग यांना. मिरजेला कुणी विचारलंच नाही. जसंच्या तसं सांग, गुळमुळीत करू नकोस."

शिशिरने मान खाली घातली. सरोजताईंनी स्वतःच खुर्ची पुढे ओढली.

"डॉक्टरजी, ये नहीं बतायेगा. मैं बताती. लिखो."