डाव्या हाताचा नियम

राक्षसांच्या, फाशांनी खेळायच्या खेळाचे नियम मीच वहीत मराठीत उतरवले. लिहायचं होतं, 'दर डावात एक जादा वार'. घाईत लिहून बसलो, 'दर डाव्यात एक जादा वार'.

वसमतला आमच्या गच्चीवर बहीण कोमल सहा हातांची राक्षसीण होऊन खेळून राहिली होती. तिनं वही माझ्या नाकापुढं नाचवली.

"माझे डावे हात तीन. बराबर तीन जादा वार!"

"अगं, लिहिताना चुकलंय ते!"

"काहून? अक्षर तुझंच हाय ना?"

तिनं फासे टाकले. माझा लाडका ड्रॅगन आडवा! डोकंच फिरलं. 'डाव्यात' खोडायला मी पेन उचललं, तर कोमल हसून लोळायला लागली.

"दादा, पेन डाव्या हातात हाय तुझ्या! तुला बी एक जादा वार!"

तो मी वहीनंच केला, तिच्या डोक्यावर.